धोंडा धरून अडतीस आठवडे

रत्नाला बारावी सायन्सला गणितात ब्याऐंशी गुण पडले, आणि त्या ब्याऐंशींचं करायचं काय हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. साल होतं १९९५. वडील हनुमंत एसटीच्या वर्कशॉपात हेल्पर. त्यांनी गुणपत्रिका उलटीसुलटी पाहिली, मागची बाजू कोरी आहे याची खात्री केली आणि घडी घालून ट्रंकेत ठेवली. आई जानकाबाईनं पावशेर पेढे वाटले. पुढच्या मे महिन्यात लग्न झालं. नवरा चाकणला कंपनीत, आठवड्यातून एकदा घरी यायचा आणि निम्मा वेळ झोपायचा. ब्याऐंशी गुण ट्रंकेतच राहिले.

१९९८ साली ती वाडीतल्या अंगणवाडीची सेविका झाली. वाडी बेल्ह्यापासून चार मैलांवर. खोली एक, मुलं चव्वेचाळीस, वजनकाटा एक, रजिस्टरं अकरा. मुलांना खिचडी घालायची आणि सरकारला आकडे; दोघांचीही भूक सारखीच. रत्नाला दोन्ही कामं आवडायची, पण रजिस्टरात बेरीज जुळली की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते खिचडी जमल्यावर यायचं नाही, हे जानकाबाईनं एकदा बोलूनही दाखवलं होतं.

२००४ साली उपकेंद्रातल्या नर्सबाईंची बदली झाली. त्यांच्या जागी कोणी आलं नाही, फक्त एक नवा तक्ता आला. गावातल्या प्रत्येक गरोदर बाईपुढे दर आठवड्याला ‘पूर्ण झालेले आठवडे’ भरायचे. महिने चालणार नाहीत, असं खाली ठळक छापलं होतं. गावात गरोदर बायका तेवीस; एक बाळंत झाली की दुसरीचं नाव चढायचं. रत्ना दुपारी मुलं झोपल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर मांडीवर घेऊन बसायची आणि शेवटच्या पाळीच्या तारखेपासून रकाने मोजत यायची. सतराव्या बाईपर्यंत मुलं उठायची.

दिवाळीला धाकटा भाऊ रत्नदीप पुण्याहून आला. तो कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला होता. बहीण बोटं मोजतेय हे बघून तो हसला.

“ताई, हे जावास्क्रिप्टमध्ये दहा ओळींचं काम आहे.”

“मग दहा ओळी लिहून दे.”

“परीक्षा आहे गं माझी.”

“मग पुस्तक ठेवून जा.”

तो पुस्तकाच्या झेरॉक्सचा गठ्ठा ठेवून गेला. रत्नाकडे कॉम्प्युटर नव्हता, पण हे तिला कारण वाटलं नाही. सरकारी कॉम्प्युटर कोर्स तिनं बेल्ह्यातच केला होता, इंग्रजी वाचता येत होतं, आणि शंभर पानी वही चार रुपयांना मिळत होती. तिनं प्रोग्राम वहीत लिहिला, वहीतच खोडला. दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी जीप मिळायची तेव्हा, ती बेल्ह्याला सुदर्शनच्या सायबर कॅफेत जायची आणि अर्धा तास भाड्यानं घेऊन वहीतलं टाइप करायची. पहिले दोन सोमवार एका विसरलेल्या कंसात गेले.

“ताई, लोकं इथं रिझल्ट बघाय येत्यात, तुमी काय लिव्हताय एवढं?” सुदर्शन विचारायचा.

“बायकांचे दिवस.”

त्यानंतर त्यानं विचारणं बंद केलं.

पुस्तकात एक गोष्ट होती ती रत्नाला फार पटली. हे यंत्र कुठलीही तारीख तारीख म्हणून ठेवतच नाही. एक जानेवारी १९७० पासून किती हजारांश सेकंद झाले एवढंच त्याला माहीत असतं. दोन तारखांमधलं अंतर काढायचं तर वजाबाकी करायची, मग हजार गुणिले साठ गुणिले साठ गुणिले चोवीस यानं भागायचं, झाले दिवस. साताने भागलं की आठवडे, उरले ते वरचे दिवस. हे ब्याऐंशी गुणांत सहज बसणारं होतं. राहिला प्रश्न तारीख नीट छापण्याचा. तक्त्यात दिवस दोन आकडी, महिना दोन आकडी, वर्ष चार आकडी हवं होतं, म्हणून दहाच्या आतल्या आकड्याआधी शून्य लावायची सोयही तिनं केली. पाचव्या सोमवारी तिनं १०/०६/२००४ घातलं, यंत्रानं तीच तारीख परत छापली आणि शेजारी आठवडे लिहिले. घातलं तेच बाहेर आलं, म्हणजे बरोबर. तिनं प्रिंट काढली आणि अंगणवाडीच्या भिंतीला लावली.

गावात त्याला ‘रत्नाचं मशीन’ म्हणू लागले. मशीन कोणी पाहिलं नव्हतं, कागद सगळ्यांनी पाहिला होता. बायका येता-जाता आपला आकडा विचारायच्या. ज्या घरातून आजवर ‘अगं ए रत्ना’ अशी हाक यायची तिथून ‘बाई’ ऐकू येऊ लागलं. रत्ना कागद दर सोमवारी बदलायची तो सरळ रेषेत लागलाय ना हे दोन पावलं मागं जाऊन बघायची.

जानेवारी-फेब्रुवारीत गावात तीन बाळंतपणं झाली. कागदाच्या हिशेबानं तिन्ही मुलं महिनाभर आधी आली. तालुक्याहून पत्र आलं की आपल्या गावात अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती वाढल्या आहेत, कारण कळवावे व लोहाच्या गोळ्या वाटाव्यात. कारण ठाऊक नव्हतं. गोळ्या होत्या, त्या तिनं वाटल्या.

१० जूनवाली बाई म्हणजे आरती. कुंडलिक आणि साळुबाईची सून, भरतची बायको, पहिलटकरीण. कुंडलिक बेल्ह्याच्या बाजारात गुरांची खरेदी-विक्री करायचा. साळुबाई घर चालवायची, आणि त्या ‘घरा’त कुंडलिकही मोडत होता. भरत त्यांचा एकुलता एक. तो आठव्या महिन्यात जन्मला म्हणून लहानपणापासून नाजूक समजला गेला होता, त्यामुळे चोविसाव्या वर्षीही त्याला कोणी पोतं उचलू देत नसे. त्यानंही त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती.

आरतीचं पोर पायाळू होतं. पाय खाली, डोकं वर. फेब्रुवारीच्या मध्यावर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं, रत्नाच्या कागदावर ३१ आठवडे लिहिलेलं पाहिलं आणि म्हणाले, “वेळ आहे, फिरेल. नाही फिरलं तर छत्तिसाव्यात ऑपरेशन होतं तिथं न्या. हिच्या कळा घरात सुरू व्हायला नकोत, एवढं बघा.” मंचरच्या दवाखान्यात ती सोय होती, आणि आरतीचं माहेर तिकडेच, पारगावला. होळी झाली की माहेरी धाडायचं, तिथून मंचर, असं साळुबाईनं ठरवून टाकलं. तिचा स्वतःचा हिशेबही पक्का होता. वटपौर्णिमेनंतर आठवड्यानं आरती बाजूला बसली होती, तिथून नऊ महिने नऊ दिवस, म्हणजे पाडवा झाल्यावर.

मार्चच्या पहिल्या शनिवारी आरती पोषण आहाराचं पाकीट न्यायला अंगणवाडीत आली आणि लहान मुलांच्या बाकड्यावर टेकली.

“ताई, आठ दिस झाले, दम लागायचा ऱ्हायला. पण खाली लई जड वाटतंय.”

रत्नानं तिच्या पोटाकडे पाहिलं. पोट खाली उतरलं होतं. पोट उतरतं ते शेवटी शेवटी, आणि भिंतीवरचा कागद ३३ म्हणत होता.

“आरती, तू दसऱ्याला सोनं द्यायला आलीस तेव्हा कानात काय सांगितलं होतंस?”

आरती लाजली. “बाळ हललं म्हून.”

रत्नानं रजिस्टर काढलं. तिनं ते लिहून ठेवलं होतं, कारण ती सगळंच लिहून ठेवायची. कागदाचं खरं धरलं तर दसऱ्याला आरतीचे पंधरा आठवडेही भरत नव्हते. पहिलटकरणीला बाळ हललेलं कळतं ते अठराव्या-विसाव्यात, असं नर्सबाई सांगून गेल्या होत्या. मग रत्नानं वजनाचं रजिस्टर उघडलं. अपुऱ्या दिवसांची म्हणून तालुक्याला कळवलेली तीन मुलं: दोन किलो नऊशे, तीन किलो शंभर, दोन किलो आठशे. तीन किलो शंभरचं अपुऱ्या दिवसांचं पोर तिनं स्वतः काट्यावर ठेवलं होतं आणि तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण कागदावर आकडा छापील होता.

तिनं गेल्या वर्षीचं कॅलेंडर शोधलं, रजिस्टराच्या कव्हरातून सोडवलं आणि जुन्या पद्धतीनं रकाने मोजले. १० जूनपासून अडतीस आठवडे. चाळीस भरणार १७ मार्चला, होळीच्याही आठ दिवस आधी.

रविवारी ती कुंडलिकाच्या घरी गेली. कुंडलिक वैरण आणायला गेला होता. साळुबाई ओसरीत तांदूळ निवडत होती. भरत गोठ्यात होता. घरात काही ठरायचं असलं की तो गोठ्यातच असायचा.

“मावशी, आरतीला उद्याच मंचरला न्या. दिवस भरत आलेत.”

“कुणाचं?” साळुबाईनं मान वर केली नाही. “आजून म्हयना हाय. आखाड, सरावन, भादवा...” तिनं अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत फाल्गुनापर्यंत आणला. “नऊ व्हायाला शिमगा उलटतो. वर नऊ दिस. पाडवा.”

रत्नाला त्या पेरांत कमी काय पडतंय ते दिसलं. “मावशी, गेल्या साली श्रावण दोन होते. मधला धोंड्याचा महिना कुठं गेला?”

“धोंडा मोजत न्हाईत.” साळुबाई एवढ्या शांतपणे म्हणाली की वादाला जागाच उरू नये. “त्यात लगीन न्हाई, वास्तूक न्हाई. देवानं जो म्हयना धरला न्हाई तो बाळ कसा धरंल? तुमच्यात धोंडा पाळत न्हाईत, तुला काय म्हाईत?”

“पाळत नाही मावशी, पण मोजतो.”

“मग तुझं मशीन का म्हंतंय आजून म्हयना हाय? का त्ये बी धोंडा पाळतंय?”

तिचाच कागद तिच्याविरुद्ध साक्ष देत होता, आणि सगळ्या गावात त्या कागदाची पत तिनंच वाढवली होती. ती उठली. उद्याचा सोमवार होता. आधी स्वतःचा साक्षीदार फोडायचा, मग साळुबाई.

सात मार्चला जीपमध्ये दोन बोकडांच्या शेजारी बसून ती बेल्ह्याला आली. वाटेत तिनं वही तीनदा वाचली. भागाकार बरोबर होता, शून्य लावायची सोय बरोबर होती. कॅफेत बसल्यावर तिनं विचार केला की उत्तर आधीच माहीत असेल अशी तारीख घालावी. आजचीच. आजपासून आजपर्यंत शून्य आठवडे, शून्य दिवस. यात धोंडाही येत नाही आणि साळुबाईही.

तिनं ०७/०३/२००५ घातलं. यंत्रानं तारीख जशीच्या तशी छापली, आणि शेजारी आठवड्यांच्या जागी उणे चिन्ह उमटलं. म्हणजे आजचा दिवस उजाडायला अजून महिना अवकाश होता.

रत्नानं शून्य लावणं, तिरकी रेघ, सगळा साज काढून टाकला आणि यंत्राच्या पोटात जशी तारीख आहे तशीच पडद्यावर आण असं सांगितलं. यंत्रानं आपल्या सवयीनं महिना इंग्रजी अक्षरांत लिहिला. एप्रिल.

समोरच्या एसटीडी बूथवरून तिनं रत्नदीपच्या होस्टेलला फोन लावला.

“अरे, मी मार्च घातला तर ते एप्रिल का धरतंय?”

“ताई, तू महिन्यातून एक वजा नाही केलास? त्यात जानेवारी शून्य असतो.”

“शून्य?”

“हो. जानेवारी शून्य, फेब्रुवारी एक, डिसेंबर अकरा.”

“आणि तारीख?”

“तारीख एकपासून.”

“आणि वर्ष?”

“वर्ष आपल्यासारखंच.”

बूथवरचे लाल आकडे पुढे सरकत होते. “मग जून घातला तर ते जूनच कसं छापायचं?”

“कारण बाहेर काढतानाही ते शून्यापासूनच मोजतं. जाताना एक जास्त, येताना एक कमी. तुला बरोबरच दिसणार. आतला हिशेब मात्र महिनाभर चुकणार. मी सांगितलं नव्हतं का?”

“नाही.”

“मला वाटलं सगळ्यांना माहीत असतं.”

“इथं तेवीस बायका आहेत रत्नदीप, आणि त्यांतल्या एकीलाही माहीत नाही,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन दुरुस्त्या, आत जाताना वजा एक, बाहेर येताना अधिक एक. अडीच महिने चाललेली चूक काढायला सव्वा मिनिट लागलं. आजची तारीख घातली तर शून्य आलं. १० जून घातली तर अडतीस आठवडे चार दिवस. म्हणजे साळुबाई आणि यंत्र, दोघांनी एकमेकांना न विचारता एकेक महिना गाळला होता, आणि दोघांचं पटलं म्हणून सगळं गाव निश्चिंत होतं.

तिनं सगळी यादी नव्यानं छापली आणि गुरांच्या बाजाराकडे निघाली. कुंडलिकाला गाठायचं होतं. तो एका तांबड्या गाभण गाईजवळ उभा होता. पारनेरकडच्या व्यापाऱ्याचा आणि त्याचा हात उपरण्याखाली होता. बोटांनी भाव चालला होता, तोंडानं गाईचं कौतुक.

“पावणं, किती दिसाची म्हनायची?” व्यापाऱ्यानं विचारलं.

“आखाडात भरवली. धोंडा धरून आठ म्हयने भरलं.”

“धोंडा कशाला धरता राव? सात म्हना की.”

“म्हंजे?” कुंडलिक उखडला. “गाय काय पोथी वाचती व्हय? तिच्या पोटाला काय कळतंय धोंडा का बिंडा! पुढच्या म्हयन्यात इनारी गाय सातव्यातली म्हनून इकू व्हय?”

“आबा,” रत्ना मागून म्हणाली, “मग आरतीचा धोंडा का नाही धरला?”

उपरण्याखालचा हात थांबला. आजूबाजूचे चार-पाच जण वळले.

“काय म्हनलीस?”

“गाईचा धोंडा धरलात, सुनेचा सोडलात. गाईचे आठ महिने झाले म्हणताय ना? आरती तिच्याही महिनाभर पुढे आहे. आज अडतीस आठवडे चार दिवस, आणि पोर पायाळू आहे.”

कुंडलिकानं तिच्याकडे, मग गाईकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. हे गणित त्यानं बाजारात हजारदा केलं होतं, घरात कधी केलं नव्हतं; घरचं गणित साळुबाईकडे होतं. त्यानं उपरण्यातून हात काढून घेतला.

“पावणं, गाय आज न्हाई जमायची. चल गं.”

टेम्पोतून ते वाडीत पोचले तेव्हा साळुबाई पाणी तापवत होती. कुंडलिकानं दारातूनच सांगितलं. ती बधली नाही.

“जनावराची गोष्ट निराळी. आन हिच्या मशीनचं काय?”

“मशीन चुकलं नाही मावशी, मी चुकले,” रत्ना म्हणाली. अंगणवाडीच्या भिंतीवरून येतानाच काढलेला जुना कागद तिनं साळुबाईसमोर उभा-आडवा फाडला. “सगळ्यांचाच आकडा महिन्यानं कमी होता. उद्या घरोघर जाऊन मी हेच सांगणार आहे. तुम्हांला आज सांगते.”

साळुबाई कागदाच्या तुकड्यांकडे बघत राहिली. एवढा बोलबाला झालेली वस्तू कोणी आपल्या हातानं फाडतं, हे तिच्या अनुभवाबाहेरचं होतं.

“आगं,” कुंडलिक हळूच म्हणाला, “आपला भरत बी धोंड्याच्याच सालचा.”

“मग?”

“मग त्याचा तरी कुटं आठवा व्हता?”

साळुबाईचा अंगठा पेरांवर गेला, यावेळी मधे एकदा थांबला आणि एक पेर जास्त चालला. चोवीस वर्षं जे पोर अपुऱ्या दिवसांचं म्हणून सांभाळलं ते पुरे नऊ महिने राहून, चांगलं भरून आलं होतं. तिनं गोठ्याच्या दिशेनं पाहिलं.

“भरत!” तिनं हाक मारली. “भाईर ये. आरतीची पेटी उचल. आन ती गादी बी तूच घे.”

मंगळवारी उजाडताच आरती आणि साळुबाईला घेऊन जीप निघाली. मंचरला डॉक्टरीणबाईंनी तपासलं, दिवस भरलेत म्हणाल्या आणि आरतीला ठेवून घेतलं.

रत्नानं मंगळवारपासून घरं धरली. बावीस दारांत उभं राहून ‘माझी चूक झाली, तुमचा महिना पुढं आहे’ हे बावीसदा म्हणायचं होतं. काही घरांत चहा मिळाला, काहींत बोलणी. एका सासूनं विचारलं की आता हा कागद तरी खरा कशावरून. रत्नानं तिला कॅलेंडर दिलं आणि मोजायला बसवलं. मोजून होईपर्यंत ती हलली नाही. पुढे ही तिची पद्धतच झाली. दुपारचं ऊन आहे, थांब, असं लोक म्हणायचे; ती थांबायची नाही. तालुक्यालाही तिनं लेखी कळवलं की ती तीन मुलं पुऱ्या दिवसांची होती, चूक मोजणीत होती आणि मोजणी माझी होती. जूनमध्ये उत्तर आलं की सदर माहिती विहित नमुन्यात सादर करावी.

शुक्रवारी अकरा तारखेला ती एकोणिसाव्या घरी कॅलेंडर उघडून बसली होती, तेव्हा भरत सायकल दामटत आला. दुकानातल्या फोनवर निरोप आला होता. पहाटे आरतीला कळा सुरू झाल्या, पाय आधी आला, डॉक्टरीणबाईंनी लगेच आत घेतलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

“आई म्हनली, ताईला आधी सांग,” भरत धापा टाकत म्हणाला. “नाव बी ठरलंय. संस्कृती.”

घरातली म्हातारी, तिची सून, शेजारणी सगळ्या एकदम बोलू लागल्या. रत्नानं डोळे पुसले, मग पेन काढलं.

“वजन किती?”

“दोन किलो नऊशे.”

तिनं लिहिलं. पूर्ण झालेले आठवडे: एकोणचाळीस. मग म्हातारीचं बोट धरून कॅलेंडरवर, जिथं थांबलं होतं त्या रकान्यावर, परत ठेवलं.